स्टेंट बसवण्यापूर्वी: धमनीच्या आतली सोनोग्राफी कशी समजून घ्यावी आणि कशी मागावी

नागपूरच्या धंतोली किंवा रामदासपेठेतल्या एखाद्या हृदयरुग्णालयात कॅथलॅबच्या दाराबाहेर थोडा वेळ बसले, तर एकच प्रसंग पुन्हा पुन्हा घडताना दिसतो. अँजिओग्राफी संपते, नातेवाइकांना आत बोलावले जाते, पडद्यावर करड्या रेघांचे चित्र हलत असते, डॉक्टर एका अरुंद जागेवर बोट ठेवून "इथे नव्वद टक्के ब्लॉकेज आहे, स्टेंट टाकावा लागेल" असे सांगतात आणि पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत संमतीपत्रावर सही करायची असते. गडचिरोलीहून किंवा भंडाऱ्याहून रात्रीच्या बसने वडिलांना घेऊन आलेल्या मुलाला त्या क्षणी काय विचारावे हे सुचत नाही, आणि ते त्याला सुचायला हवे होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मी नागपुरातच कॅथलॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करतो. काचेच्या अलीकडून ही घाई रोज पाहतो, म्हणून असे मनापासून वाटते की निदान एक प्रश्न घरून निघतानाच तयार असावा: "डॉक्टरसाहेब, स्टेंटचे माप ठरवण्यासाठी आपण आयव्हस करणार आहात का?" स्टेंट म्हणजे अरुंद धमनी उघडी ठेवणारी बारीक जाळीदार नळी आणि आयव्हस म्हणजे धमनीच्या आतून केली जाणारी सोनोग्राफी. हा प्रश्न कोणी विचारावा, केव्हा विचारावा, आणि उत्तर 'हो' आले तर पुढे कोणते आकडे मागावेत, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. छातीत तीव्र कळ सुरू आहे, घाम फुटला आहे, ईसीजीमध्ये मोठा झटका दिसतो आहे, अशा वेळी बंद झालेली धमनी उघडणे हेच पहिले काम असते आणि त्यात एक मिनिटही चर्चेत घालवू नये. आयव्हस करायची की नाही, हे अशा वेळी रक्तप्रवाह सुरू झाल्यानंतर डॉक्टर ठरवतात. ज्यांची अँजिओप्लास्टी ठरवून, तारीख घेऊन होणार आहे, किंवा झटका ओसरल्यावर एक-दोन दिवसांनी होणार आहे, त्यांच्या हाती विचारण्याइतका वेळ असतो. पुढचा मजकूर मुख्यतः त्यांच्यासाठी आहे.

इको झाली, मग पुन्हा सोनोग्राफी कशाला?

हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबाकडून ऐकायला मिळतो. टूडी इको छातीवर बाहेरून प्रोब ठेवून केली जाते. तिच्यात हृदयाचे स्नायू किती जोराने आकुंचन पावतात, झडपा नीट उघडतात-मिटतात का, हे कळते, पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या अडीच-तीन मिलिमीटर रुंदीच्या धमन्यांची भिंत तिच्यात दिसत नाही. आयव्हस, म्हणजे इंट्राव्हॅस्क्युलर अल्ट्रासाउंड, हीही ध्वनिलहरींचीच तपासणी आहे. फरक असा की तिचा प्रोब सुमारे एक मिलिमीटर जाडीच्या कॅथेटरच्या टोकावर बसवलेला असतो आणि तो धमनीच्या आत जाऊन तिथून चहूबाजूंची भिंत पाहतो. इकोसाठी साधारण २ ते ५ मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरी पुरतात. आयव्हसमध्ये ही कंप्रता २० ते ६० मेगाहर्ट्झ असते. कंप्रता जितकी जास्त तितका तपशील बारीक मिळतो आणि लहर तितकी कमी खोल जाते. छातीच्या बाहेरून एवढ्या उच्च कंप्रतेच्या लहरी हृदयापर्यंत पोहोचल्याच नसत्या. प्रोब धमनीच्या आत असल्यामुळे मात्र काही मिलिमीटरची खोली पुरेशी ठरते.

ही कल्पना जुनी आहे. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे निकोलास बॉम यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी कॅथेटरच्या टोकावर ३२ बारीक घटक बसवून हृदयाच्या आतून प्रतिमा मिळवण्याचा प्रयत्न केला. हृदयधमनीत जाईल इतके बारीक उपकरण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात तयार झाले आणि त्यात अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञ पॉल योक यांचा मोठा वाटा होता. त्याआधी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी झुरिकमध्ये हृदयधमनीची पहिली बलून अँजिओप्लास्टी केली होती. म्हणजे धमनी फुगवायची विद्या आधी आली आणि तिला आतून पाहायची विद्या दहा वर्षे मागाहून आली. अनेक ठिकाणी आजही हे अंतर पूर्ण मिटलेले नाही, असे मला वाटते.

अँजिओग्राफी काय दाखवत नाही

अँजिओग्राफीत धमनीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारे द्रव्य, सोडून चित्र घेतात. त्या चित्रात धमनी दिसते असे आपण म्हणतो, पण प्रत्यक्षात दिसते ती धमनीतल्या पोकळीची सावली. भिंत किती जाड झाली आहे, तिच्यात मेद आहे की कॅल्शियम, हे सावलीवरून कळत नाही. शिकागोचे सेमूर ग्लागोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली दाखवून दिले की भिंतीत थर साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली पोकळी बराच काळ तेवढीच राखते. थराने धमनीच्या छेदाचा सुमारे ४० टक्के भाग व्यापल्यानंतरच पोकळी आकसू लागते. म्हणजे अँजिओग्राफीत "इथे काही नाही" असे वाटणाऱ्या जागी भिंत पुष्कळ रोगग्रस्त असू शकते.

यातून दुसरी अडचण येते. 'नव्वद टक्के' हा आकडा अरुंद जागेची तुलना तिच्या शेजारच्या, निरोगी दिसणाऱ्या जागेशी करून काढलेला असतो. जुना मधुमेह असलेल्या रुग्णांच्या धमन्या पुष्कळदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत थोड्याथोड्या भरलेल्या असतात. तिथे शेजारची जागाही निरोगी नसते, आणि डोळ्यांच्या अंदाजाने निवडलेला स्टेंट सहज लहान पडतो. मापातला हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो, पण क्षेत्रफळ काढून पाहावे: २.५ मिलिमीटर व्यासाच्या पोकळीचे क्षेत्रफळ सुमारे ४.९ चौरस मिलिमीटर येते आणि ३ मिलिमीटर व्यासाच्या पोकळीचे सुमारे ७.१. व्यासात अर्धा मिलिमीटर वाढला तर रक्ताला मिळणारी वाट जवळपास ४४ टक्क्यांनी वाढते. लहान पडलेला किंवा पुरता न उघडलेला स्टेंट पुन्हा अरुंद होण्याची, आणि त्यात रक्ताची गुठळी होण्याची, शक्यता अधिक असते.

माझ्या घरातलेच उदाहरण सांगतो. माझ्या मामांना एका रुग्णालयात स्टेंट बसवला होता. अँजिओग्राफीत सगळे छान दिसले, मिठाईही वाटून झाली, आणि आठ महिन्यांनी चढावर चालताना तीच कळ परत आली. दुसऱ्यांदा तपासताना आयव्हस केली तेव्हा दिसले की स्टेंटच्या मागे जवळजवळ वर्तुळभर कॅल्शियम होते आणि त्या कठीण कड्यामुळे स्टेंट मधोमध उघडलाच नव्हता. कॅल्शियम आधी दिसले असते तर आधी ते फोडता आले असते. बसवलेल्या स्टेंटच्या बाहेरचे कॅल्शियम फोडणे हे कितीतरी अवघड काम आहे.

कोणी आग्रहाने विचारावे

प्रत्येक अँजिओप्लास्टीत आयव्हस हवीच असे माझे म्हणणे नाही. आखूड, साधा, सरळ धमनीतला एकच अडथळा असेल तर तिने होणारा अधिकचा फायदा लहान असतो. पण अडथळा लेफ्ट मेन धमनीत, म्हणजे डावीकडच्या दोन मोठ्या फांद्यांना रक्त देणाऱ्या मूळ खोडात असेल, धमनी जिथे दुभागते तिथे असेल, २८ मिलिमीटर किंवा त्याहून लांब स्टेंट लागणार असेल, कॅल्शियम फार असेल, किंवा आधीचा स्टेंट पुन्हा बंद झाला असेल, तर हा प्रश्न टाळू नये. युरोपीय हृदयरोग संघटनेने २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांत लेफ्ट मेन, दुभाजे आणि लांब अडथळे अशा गुंतागुंतीच्या ठिकाणी धमनीच्या आतून प्रतिमा घेऊन अँजिओप्लास्टी करण्याला सर्वोच्च दर्जाची शिफारस दिली आहे.

या शिफारशीमागे भक्कम चाचण्या आहेत. चीनमध्ये झालेल्या 'अल्टिमेट' चाचणीत १,४४८ रुग्णांची विभागणी करून निम्म्यांना आयव्हसच्या मदतीने आणि निम्म्यांना केवळ अँजिओग्राफीवरून स्टेंट बसवले. एका वर्षात उपचार केलेल्या धमनीशी संबंधित अपयश, म्हणजे हृदयविकाराने मृत्यू, त्या धमनीमुळे झटका किंवा तिच्यावर पुन्हा उपचार, आयव्हस गटात २.९ टक्के आणि दुसऱ्या गटात ५.४ टक्के आढळले. दक्षिण कोरियातील १,६३९ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. गुंतागुंतीच्या अडथळ्यांत आतून प्रतिमा घेऊन उपचार केलेल्यांत, सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यात, हे प्रमाण ७.७ टक्के आणि इतरांत १२.३ टक्के होते. झटका येऊन दाखल झालेल्या किंवा झटक्याच्या उंबरठ्यावर असलेल्या ३,५०५ रुग्णांची चाचणी २०२४ मध्ये आली; तिथे आकडे ४ टक्के आणि ७.३ टक्के असे होते. हे आकडे डॉक्टरांना ऐकवून वाद घालण्यासाठी दिलेले नाहीत. ही काही हौसेची किंवा बिल वाढवण्यासाठीची तपासणी आहे अशी शंका ज्यांच्या मनात येते, त्यांच्यासाठी ते आहेत.

'अल्टिमेट' चाचणीतला आणखी एक आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आयव्हस झालेल्या रुग्णांतही, ज्यांच्या स्टेंटने आधी ठरवलेले सर्व निकष पूर्ण केले त्यांच्यात वर्षभरातले अपयश १.६ टक्के होते आणि ज्यांच्यात एखादा निकष अपुरा राहिला त्यांच्यात ४.४ टक्के. आयव्हस झाली एवढे ऐकून समाधान मानू नये; तिने दाखवलेली उणीव त्याच टेबलावर दुरुस्त झाली का, हे विचारावे. निकष कोणते ते पुढे येईलच.

एक मर्यादाही लक्षात ठेवावी. आयव्हस धमनीचा आकार आणि भिंत दाखवते. अडथळ्यामुळे रक्तप्रवाह खरोखर किती कमी होतो हे ती थेट सांगत नाही. मध्यम, म्हणजे ५० ते ७० टक्क्यांच्या अडथळ्याला स्टेंट लागेलच का, अशी शंका असेल तर दाबाच्या तारेने होणारी एफएफआर तपासणी अधिक योग्य ठरते. लेफ्ट मेनमध्ये मात्र आयव्हसने मोजलेले सर्वांत अरुंद क्षेत्रफळ निर्णयाला मदत करते. ६ चौरस मिलिमीटरपेक्षा जास्त असेल तर पुष्कळदा स्टेंट किंवा बायपास पुढे ढकलणे सुरक्षित मानले जाते, आणि आशियाई रुग्णांत त्याहून कमी, ४.५ च्या आसपासचा निकष सुचवणारा अभ्यास आहे.

आत नेमके काय होते

रुग्णाला यासाठी वेगळी सुई किंवा वेगळी भूल लागत नाही. मनगटातून किंवा जांघेतून अँजिओप्लास्टीसाठी घातलेल्या नळीतूनच सगळे होते. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन दिलेले असते, धमनीला आकडी येऊ नये म्हणून नायट्रोग्लिसरीन सोडतात, मग ०.०१४ इंच जाडीची तार अडथळ्याच्या पलीकडे नेऊन तिच्यावरून आयव्हसचे कॅथेटर पुढे सरकवतात. अडथळ्यापलीकडच्या बऱ्या जागेपासून ते मागे ओढत आणले की धमनीचे छेद एकापाठोपाठ एक नोंदले जातात. या ओढण्याला आम्ही पुलबॅक म्हणतो. रुग्ण शुद्धीवर असतो. काहींना त्या काही सेकंदांत छातीत किंचित दाब जाणवतो, तो लगेच सांगावा, कारण कॅथेटर अरुंद जागेत असताना रक्तप्रवाह थोडा अडतो. धमनीला आकडी येणे किंवा क्वचित आतल्या थराला इजा होणे असे धोके आहेत, पण सरावलेल्या हातांत ते विरळ असतात.

पडद्यावर दिसते ते चित्र झाडाच्या आडव्या कापलेल्या खोडासारखे असते. मधोमध काळे वर्तुळ कॅथेटरचे, त्याभोवती रक्ताची पोकळी, तिच्याबाहेर आतला थर, मग मधल्या थराची बारीक काळी रेघ आणि तिच्याबाहेर उजळ आवरण. ही काळी रेघ म्हणजे आमची मुख्य खूण, कारण धमनीचे खरे माप तिच्यावरून निघते. कॅल्शियम पांढरेशुभ्र चमकते आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण लहर त्यातून पुढे जात नाही. तंतुमय थर करडा दिसतो, मेदाने भरलेला थर गडदसर. नातेवाइकांना हे चित्र पाहायला मिळाले तर अवश्य पाहावे. नव्वद टक्के ब्लॉकेज या शब्दांनी जी भीती बसते, ती प्रत्यक्ष भिंत पाहून पुष्कळदा समजुतीत बदलते, असा माझा अनुभव आहे.

गेल्या काही वर्षांत या यंत्रांत झालेले बदल रुग्णाच्या दृष्टीनेही महत्त्वाचे आहेत. आयव्हसची कॅथेटरे दोन जातीची असतात. एकीत टोकाभोवती अनेक स्थिर घटक बसवलेले असतात आणि कंप्रता २० मेगाहर्ट्झच्या आसपास असते. ते यंत्राला जोडले की लगेच तयार. दुसरीत एकच घटक वेगाने फिरतो, कंप्रता ४० मेगाहर्ट्झ किंवा अधिक असते, चित्र अधिक रेखीव येते. मात्र आत हवेचा बुडबुडा राहू नये म्हणून ते आधी सलाइनने नीट धुवावे लागते आणि धमनीच्या तीव्र वळणावर फिरण्याचा वेग बिघडून चित्र ताणले जाऊ शकते. नव्या पिढीतली फिरती कॅथेटरे ६० मेगाहर्ट्झपर्यंत गेली आहेत. पूर्वी १०० मिलिमीटर लांबीची धमनी सेकंदाला अर्धा मिलिमीटर या वेगाने पाहायला २०० सेकंद लागत. आता काही यंत्रे सेकंदाला ९-१० मिलिमीटर वेगाने ओढतात आणि तेच काम दहा-अकरा सेकंदांत होते. "आयव्हसमध्ये वेळ जातो" ही जुनी तक्रार यामुळे बरीच निकालात निघाली आहे.

दुसरा बदल जुळणीचा. आयव्हसमध्ये दिसलेली जागा अँजिओग्राफीच्या चित्रात नेमकी कुठे येते, हे पूर्वी आम्ही फांद्या मोजून अंदाजाने ठरवत असू. आता दोन्ही चित्रे संगणकावर एकत्र जोडता येतात, त्यामुळे स्टेंट कुठून कुठपर्यंत बसवायचा हे स्पष्ट दिसते. पोकळीची आणि धमनीची सीमा आपोआप आखणारी प्रणालीही काही यंत्रांत आली आहे. ती काम हलके करते, पण कॅल्शियमच्या सावलीत तिची रेघ चुकते, तिथे माणसाने ती तपासून सुधारलीच पाहिजे. काही कॅथेटरांत निकट-अवरक्त प्रकाशाने भिंतीतला मेद ओळखण्याची सोय आयव्हससोबतच असते. प्रकाशावर चालणारी ओसीटी ही भावंड-तपासणी आहे. तिचा तपशील १० ते २० मायक्रॉन इतका सूक्ष्म असतो, पण ती भिंतीत एक-दोन मिलिमीटरच खोल पाहते आणि रक्त बाजूला सारण्यासाठी तिला सहसा डाय सोडावा लागतो.

मूत्रपिंड आणि नागपूरचा मे महिना

डायचा हा मुद्दा आपल्या भागात विशेष जपण्याचा आहे. आयव्हसला स्वतःसाठी डाय लागत नाही, आणि तिच्या मदतीने काम केल्यास एकूण अँजिओप्लास्टीतला डायही पुष्कळ कमी करता येतो, कारण मोजमापासाठी पुन्हा पुन्हा चित्र घ्यावे लागत नाही. मूत्रपिंडाचा आजार असलेल्या, क्रिएटिनिन वाढलेल्या रुग्णासाठी हे फार मोलाचे असते. त्यात मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. चंद्रपूर, गोंदिया किंवा छिंदवाड्याहून उन्हात प्रवास करून, वर अँजिओग्राफीसाठी उपाशीपोटी थांबलेला मधुमेही रुग्ण कोरडा पडलेला असतो, आणि अशा शरीरात डाय मूत्रपिंडांना अधिक त्रास देऊ शकतो. म्हणून क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत ठेवावा, किती तास उपाशी राहायचे आणि पाणी केव्हापर्यंत प्यायचे हे नेमके विचारून घ्यावे, मधुमेहाच्या गोळ्यांपैकी कोणत्या थांबवायच्या हे लिहून घ्यावे, आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावे की डाय कमीत कमी वापरण्यासाठी आयव्हसची मदत घेता येईल का. ज्यांच्या हृदयाची पंपिंग क्षमता कमी आहे त्यांनी मात्र आपल्या मनाने पाणी वाढवू नये. त्यांना किती द्रव द्यायचा हे डॉक्टरच ठरवतील.

विचारायचे कसे, आणि खर्चाचे काय

प्रश्न विचारण्याची योग्य वेळ म्हणजे अँजिओग्राफीच्या आदल्या दिवशीचे बोलणे. बऱ्याच ठिकाणी अँजिओग्राफी आणि अँजिओप्लास्टी एकाच बैठकीत होते, आणि रुग्ण टेबलावर असताना नवी चर्चा सुरू करणे सर्वांनाच कठीण जाते. शब्द साधे असावेत: "सर, स्टेंट लागलाच तर आपण आयव्हस किंवा ओसीटी करता का? बाबांच्या बाबतीत गरज वाटते का? नसेल वाटत, तर का नाही?" यात अविश्वास दाखवण्यासारखे काही नाही, आणि चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने दुखावत नाही. "हा अडथळा आखूड आहे, साधा आहे, गरज नाही" हे उत्तर अगदी प्रामाणिक आणि बरोबर असू शकते. "आमच्याकडे यंत्र नाही" असे उत्तर आले, आणि अडथळा लेफ्ट मेनचा किंवा लांब कॅल्शियमचा असेल, प्रकृतीही स्थिर असेल, तर अँजिओग्राफीची सीडी घेऊन दुसरे मत घ्यायला हरकत नाही. शहरात खासगी रुग्णालयांखेरीज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी (मेडिकलशी) जोडलेले सुपर स्पेशालिटी रुग्णालय आणि मिहानमधील एम्स आहे. तिथे त्या वेळी सोय उपलब्ध आहे का, हे प्रत्यक्ष चौकशी करूनच ठरवावे.

खर्चाबाबत गल्लत होते ती अशी. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने औषधलेपित स्टेंटची कमाल किंमत कर वगळता २९,६०० रुपये ठरवली, नंतर ती वेळोवेळी सुधारली गेली. पण ही मर्यादा स्टेंटची आहे. आयव्हसचे कॅथेटर तिच्यात येत नाही, त्याचा खर्च वेगळा लागतो आणि तो लहान नसतो. म्हणून अंदाजपत्रकात स्टेंट, बलून आणि आयव्हस कॅथेटर यांचे आकडे वेगवेगळे लिहून मागावेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार होणार असतील तर पॅकेजमध्ये आयव्हस धरलेली आहे का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारावे; खासगी विमा असेल तर हाच प्रश्न टीपीएच्या, म्हणजे विम्याचे दावे हाताळणाऱ्या संस्थेच्या, खिडकीवर विचारून, शक्यतो मंजुरीपत्रात नमूद करून घ्यावा. कॅथेटर एकदाच वापरण्यासाठी बनवलेले असते, म्हणून ते सीलबंद पाकिटातले नवे असावे आणि त्याचे स्टिकर फाइलमध्ये लावावे, एवढे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अहवालातले आकडे

काम झाल्यावर "आयव्हस ओके" एवढ्या दोन शब्दांवर फाइल बंद होऊ देऊ नये. स्टेंटपूर्वीच्या चित्रातून तीन गोष्टी मिळतात: सर्वांत अरुंद जागेचे क्षेत्रफळ, अलीकडच्या-पलीकडच्या बऱ्या जागेचा व्यास, आणि प्लाकचा, म्हणजे भिंतीत साचलेल्या थराचा, भार. हा भार काढणे सोपे आहे. समजा काळ्या रेघेपर्यंत मोजलेले धमनीचे क्षेत्रफळ १६ चौरस मिलिमीटर आहे आणि आतली पोकळी ४. मग उरलेले १२ म्हणजे प्लाक, आणि १६ पैकी १२ म्हणजे ७५ टक्के भार. कॅल्शियम असेल तर ते किती अंशांच्या कमानीत आहे हेही लिहिलेले असते. २७० अंशांहून जास्त कमान बराच लांबवर पसरलेली असेल, तर स्टेंटआधी रोटाब्लेशनने ते घासणे किंवा लिथोट्रिप्सीच्या लहरींनी तडकवणे याचा विचार होतो, आणि मामांच्या बाबतीत राहून गेले ते हेच.

स्टेंट बसवून, जास्त दाबाच्या बलूनने तो नीट फुगवल्यानंतर पुन्हा एकदा पुलबॅक झाला का, हे विचारावे. पहिल्या पुलबॅकपेक्षा हा दुसरा मी अधिक महत्त्वाचा मानतो, आणि घाईच्या दिवशी गाळला जातो तोही हाच. 'अल्टिमेट' चाचणीतले निकष इथे उपयोगी पडतात. स्टेंटच्या आतले सर्वांत कमी क्षेत्रफळ ५ चौरस मिलिमीटरहून जास्त असावे किंवा पलीकडच्या बऱ्या जागेच्या पोकळीच्या ९० टक्क्यांइतके असावे; स्टेंटच्या दोन्ही टोकांपासून ५ मिलिमीटरच्या आत प्लाकचा भार ५० टक्क्यांपेक्षा कमी असावा, म्हणजे स्टेंट रोगट जागेत संपू नये; आणि टोकाशी मधल्या थरापर्यंत गेलेली, ३ मिलिमीटरहून लांब चीर नसावी. लेफ्ट मेनसाठी अपेक्षा मोठी असते, तिथे ८ चौरस मिलिमीटरच्या आसपासचा आकडा धरला जातो. धमनी मुळातच बारीक असेल तर ५ चा आकडा गाठता येत नाही, आणि तिथे ९० टक्क्यांचा निकष लागू होतो. त्यामुळे एकट्या आकड्यावरून घाबरून जाऊ नये, डॉक्टरांकडून तो धमनीच्या मापाशी जोडून समजून घ्यावा.

डिस्चार्जच्या दिवशी अँजिओग्राफीच्या सीडीसोबत आयव्हसची नोंदही मागून घ्यावी. ती पुष्कळदा वेगळ्या यंत्रात असते आणि मागितल्याशिवाय सीडीवर येत नाही. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटचा व्यास, लांबी, बॅच क्रमांक आणि शेवटच्या पुलबॅकमधले सर्वांत कमी क्षेत्रफळ लिहून घ्यावे. रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या किती महिने घ्यायच्या ते त्याच कागदावर असावे, आणि आयव्हसमध्ये स्टेंट उत्तम उघडलेला दिसला म्हणून त्या आपल्या मनाने लवकर बंद करू नयेत. पुढे कधी कळ परत आली तर ही फाइल घेऊनच यावे. ज्या डॉक्टरांना त्या दिवशीचे क्षेत्रफळ ठाऊक आहे, त्यांना स्टेंट मुळातच अपुरा उघडला होता की नंतर त्यात नवी वाढ झाली, हे पहिल्या तुलनेतच कळू शकते, आणि या दोन्हींवरचे उपचार वेगळे असतात.